पाण्याचा कूलर

दिवाळीत अकोल्याला सासुरवाडीत जेवता जेवता मी धाकट्या साळ्याला डिवचलं. त्यानं गेम खेळायला तयार, कंपनीचा कॉम्प्युटर घेतला होता. तयार माल घेणारे डोकं भाड्यानं आणतात, मी सुटे भाग जुळवून निम्म्या पैशात असाच करून दाखवतो, असं सगळ्यांसमोर बोलून गेलो.

तो शांतपणे म्हणाला, "करा भाऊजी. पन नाई चालला, तर यापुढं या घरात कोनालेच सल्ला द्याचा नाई."

सगळ्यांचे घास थांबले. बोअर कुठं पाडायची इथपासून पोरीला कोणतं स्थळ बघायचं इथपर्यंत या घराला मी वर्षानुवर्षं फुकट सल्ला देत आलो. तो बंद होणार म्हटल्यावर सासूबाईंच्या चेहऱ्यावर एवढा उजेड पडेल असं वाटलं नव्हतं.

अमरावतीला परतल्यावर व्हिडिओ पाहून पाहून मी पंडित झालो. एप्रिलात दुकानात गेलो. ग्राफिक्स कार्डानंच अर्धा खिसा रिकामा केला, उरलेल्यातून मी रंगीत दिव्यांची कॅबिनेट उचलली. मग बचत म्हणून प्रोसेसर डब्यातला न घेता सुटा मागितला.

"सुट्यासोबत कूलर येत नाई भाऊ. देऊ का?"

"घरी हाय."

"हवेचा का पान्याचा?"

"पान्याचाच. हवेच्यानं काय होते आपल्या उन्हात?"

त्यानं मान वर करून माझ्याकडे आदरानं पाहिलं. मला नवल वाटलं नाही. आमच्याकडे एप्रिलात माणूस तब्येतीच्या आधी कूलरचीच चौकशी करतो.

रविवारी साळा परीक्षक म्हणून हजर झाला. मी बटण दाबलं. दिवे लागले, पंखे फिरले आणि सगळं विझलं. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. गरम होतोय, हे निदान मात्र मी अचूक केलं. कॅबिनेटचं झाकण काढलं, हॉलमधला कूलर ओढत आणला, त्याच्या वाळ्याच्या ताट्या ओल्या केल्या आणि फुल स्पीडवर त्या डब्यावर सोडला.

"मी इथं शिजून राहिली," बायको म्हणाली, "अन् तुमी डब्याले हवा घालून राहिले."

शेवटी दुकानदाराला फोन लावला, स्पीकरवर, म्हणजे त्याची चूक साळ्यालाही ऐकू यावी.

"कूलर नीट बसवला का?" त्यानं विचारलं.

"एकदम समोर."

"पानी फिरते?"

"ताट्या वल्ल्या चिंब हायेत."

 पलीकडून हळूच, "कायच्या ताट्या?"

साळा भिंतीला टेकून खाली बसला. हसू आवरल्यावर त्यानं आधी कूलर बंद केला, माझ्या ग्राफिक्स कार्डावर तुषार उडत होते म्हणून. मग बाजारातून दुकानदार म्हणत होता तो कूलर, म्हणजे तळहाताएवढा पंखा, आणून प्रोसेसरवर बसवला. गेम सुरू झाला आणि मस्त चालला. चालला म्हणजे मी जिंकलो, असा मुद्दा मी काढला. बायकोनं कूलर हॉलकडे ओढता ओढता निकाल दिला, "हरले."

गेल्या महिन्यात सासुरवाडीला फ्रीज आला. स्वयंपाकघरात, गॅसच्या शेगडीला अगदी चिकटून ठेवलाय. मी पाहिलं. तोंड उघडलं. सासूबाईंनी विचारलं, "काही म्हनत होते का जवाईबापू?"

चहा छान झालाय, म्हणालो.