एजंट नसलेली बोट

सरकारी वकिलाला नवे काही लिहिण्याचे प्रसंग क्वचितच येतात. परराष्ट्र खात्याला एखादा करार हवा असला, की आम्ही कपाटातून जुना करार काढत असू, देशांची नावे बदलत असू आणि उरलेली कलमे तपासत असू. आमच्या बेटाच्या राजधानीत, पोर्ट लुईच्या कार्यालयात, आफ्रिका, आशिया आणि युरोप अशी तीन कपाटे होती. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस शेजारच्या एका बेटराष्ट्राशी मासेमारीचा करार करायचे ठरले, तेव्हा मी आशियाचे कपाट उघडले. ट्यूना पकडणाऱ्या मोठ्या जहाजांसाठी केलेला एक उत्तम करार तिथे होता. त्यातले एक कलम मी जसेच्या तसे उतरवले: हद्द ओलांडल्याबद्दल जहाज अडवले गेले, तर जहाजाच्या त्या बंदरातल्या एजंटाने, म्हणजे मालकाच्या प्रतिनिधीने, लेखी हमी देताच खलाशांना मायदेशी पाठवावे. वरिष्ठांनी मसुद्याची स्तुती केली. ती मला फार आवडली, हेही इथे लिहून ठेवतो.

वर्षभराने माएबूर्ग या कोळ्यांच्या गावातली माझी मामी तिच्या क्रेओल, म्हणजे आफ्रिकी वंशाच्या, शेजारणीला घेऊन कार्यालयात आली.

"भाच्या, हिचा नवरा तिकडं अडकलाय," मामी उभ्याउभ्याच म्हणाली. "इंजिन बंद पडलं, बोट वाहवत त्यांच्या हद्दीत गेली. तीन आठवडे झाले."

"चौकशी चालू आहे, मामी."

"चौकशी! करार माझ्या भाच्यानं लिहिलाय, असं मी गावभर सांगितलं. आता हिला तोंड कसं दाखवू?"

शेजारीण क्रेओल बोलीत हळूच म्हणाली, "मिसिये, ते म्हणतात एजंटाचं पत्र आणा. आमचा एजंट कोण?"

मोठ्या जहाजांचे बंदरोबंदरी एजंट असतात. या बोटीचा मालक म्हणजे तिचा नवराच, आणि तो दोन साथीदारांसह तिकडच्या बंदरावरच्या कोठडीत होता. शाळेच्या सुट्ट्या मी मामाकडे घालवल्या होत्या. अशाच बोटींवर चढून मी उड्या मारल्या होत्या. तेव्हा अज्ञानाची सबब मला नव्हती. कलम लिहिताना मला कपाट आठवले, माएबूर्गचा बोटींचा धक्का आठवला नाही.

त्यांना बाहेर बसवून मी मंत्र्यांसाठी टिपण लिहिले. शेजारी सरकार कलमाचा अर्थ अवाजवी संकुचितपणे लावत आहे, सबब तीव्र निषेध नोंदवावा, असा त्याचा आशय होता. भाषा निर्दोष होती. त्या निषेधाला तिकडून निषेधाचे उत्तर आले असते आणि तिघे तिथेच राहिले असते, हे मला कळत होते. तरीही मी टिपण टाइप करायला दिले.

जिन्यापाशी त्या दोघी केळीच्या पानातली डाळपुरी खात बसल्या होत्या. मामीने अर्धी माझ्यापुढे धरली. "जेवला नाहीस वाटतं. चेहरा बघ कसा उतरलाय." ती माझ्यावर रागावलेली होती आणि मला जेवायला घालत होती. शेजारणीने सरकून मला पायरीवर जागा करून दिली. मी डाळपुरी पानात परत ठेवली. मी परत वर गेलो, टंकलेखिकेकडून कागद मागून घेतला आणि वरिष्ठांना सांगितले, "त्यांचा अर्थ बरोबर आहे. चूक माझ्या कलमात आहे."

त्यांनी टिपण वाचून बाजूला ठेवले. मग म्हणाले, "तर मग निषेध कशाला? त्यांच्या वकिलाला फोन लावा."

पलीकडच्या सरकारी वकिलाने माझे सगळे बोलणे ऐकून घेतले. मग तो म्हणाला, "तो मसुदा मीही तपासला होता. मलाही लहान बोटी आठवल्या नाहीत. आणि माझे वडील कोळी आहेत, महाशय!" त्यानंतर आम्ही दोघांनी फोनवरच एक छोटे पत्र रचले: ज्या बोटीला एजंट नाही, तिच्यासाठी मायदेशाच्या मत्स्य अधिकाऱ्याची हमी पुरेशी मानावी. दोन्ही सरकारांनी टेलेक्सने संमती दिली. आठवड्याच्या आत तिघे घरी आले.

मी माएबूर्गला गेलो तेव्हा शेजारीण धक्क्यावर मासे साफ करत होती. चूक माझी होती, हे मी तिला आणि तिच्या नवऱ्याला सांगितले.

"म्हणजे आता सरकार माझा एजंट?" तो हसून म्हणाला. "मग त्याला सांगा, माझं इंजिन दुरुस्त कर."

ती हसली नाही. सुरी खाली ठेवून म्हणाली, "माणसं आली. बोट कुठंय, मिसिये? बोटीशिवाय हा खाणार काय?"

आमच्या पत्रात फक्त माणसे होती. दोन देशांच्या दोन वकिलांना, त्यातल्या एका कोळ्याच्या मुलालाही, बोट पुन्हा आठवली नव्हती. यावेळी मात्र मी सबब शोधली नाही. माशांच्या टोपलीशेजारी बसलो, वही काढली आणि बोटीचा रंग, लांबी, नोंदणीचा क्रमांक विचारून घेतला. दुसरे पत्र त्या वहीतूनच निघाले. पावसाळ्यापूर्वी निळी बोट एका मालवाहू जहाजाच्या मागे बांधून परत आली.

पुढे ऐंशीच्या दशकात आफ्रिकेच्या किनाऱ्यावरल्या एका देशाशी तसाच करार करायचा होता. मसुदा घेऊन मी आधी माएबूर्गची बस धरली.