पांढरा तोडा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही. गावाकडं आईला फोन लावतो तेव्हा नाही. देवासमोर हात जोडतो तेव्हासुद्धा तेवढं एक वगळून बाकीचं सगळं बोलतो — जणू त्याला माहीतच नसेल! आज तुम्हाला सांगायला बसलोय तर हात पुढं सरकत नाही. शाळा सातवीत सुटली, लिहायची सवय नाही, असं म्हणून बघितलं. पण ते खरं कारण नव्हे.

मी मूळचा इकडचा नाही, तापीकाठचा. घोडे घेऊन आलेल्या ट्रकमधून, घोड्यांच्या पायांत अंग चोरून बसून कोल्हापुरात उतरलो आणि कसबा बावड्यात आप्पांच्या तबेल्यात राहिलो. आप्पांच्या घोड्या वरातीला जातात, जत्रेत घोडागाडीच्या शर्यतीला पळतात. आप्पांनी मला ठेवून घेतलं. काकींनी, म्हणजे त्यांच्या मालकिणीनं, आल्या आल्या ताट वाढलं. "लाजतासा काय पावणं, हाणा की!" असं त्या म्हणाल्या, तेव्हा मला वाटलं, कुणाला तरी मारायला सांगतायत. सगळे पोट धरून हसले. त्या घरचं मी अजून खातो. माझं लग्नही त्यांनीच लावून दिलं. म्हणून तर हे जड जातं.

आमच्याकडं मैना नावाची घोडी आहे. अंगानं तांबूस. फक्त मागच्या उजव्या पायाला, खुराच्या जरा वर, पांढऱ्या केसांचं गोल कडं आहे — चांदीचा तोडा घातल्यासारखं. वरातीत पोरी वाकून त्याचे फोटो काढतात. जन्मखूण हाय व्हय, म्हणून विचारतात. मी मान हलवतो. घोडी राखणाऱ्या कुणालाही विचारा, तो सांगेल: खोल जखम भरली की तिथं केस पांढरा येतो. ती जन्मखूण नाही. ते माझं काम आहे.

मैना आमच्याच तबेल्यात जन्मली. शिंगरू देखणं, येणारा-जाणारा थांबून बघायचा. दृष्ट लागू नये म्हणून काकींनी तिच्या पायात काळा दोरा बांधला. दोरा म्हणजे साधा नव्हे, धनगराकडून आणलेल्या शेळीच्या केसांना स्वतः पीळ घालून केलेला, त्यात एक कवडी. ओढून तुटणार नाही असा. त्याचं एक पथ्य असतं. शिंगराचा पाय वाढतो, दोरा वाढत नाही, म्हणून अधूनमधून सोडून तो सैल बांधायचा. कापायचा नाही, कापला की अपशकुन. गाठ बोटांनीच सोडायची. आणि गाठ सोडायची म्हणजे मागच्या पायापाशी उकिडवं बसायचं, जरा वेळ बसायचं.

हे काम माझ्याकडं होतं. आणि मी भीत होतो.

सांगितलं बघा. घोडी राखणारा माणूस घोड्याला भीत होता. मैनानं एकदा झाडलेली लाथ माझ्या मांडीवर बसली, मी शेणात आडवा झालो. आप्पा हसून म्हणाले, "घोड्याला भिणारा गडी आमाला नगं बाबा. त्यापरास म्हसरं राख जा." ती चेष्टा होती. त्या घरात सगळेच असं मोठ्यानं, तोंडावर बोलतात, आणि मग जेवायला हाक मारतात. पण मी ते चेष्टा म्हणून ऐकलंच नाही. मला तो ट्रक दिसला, गाव दिसलं, रिकाम्या हातानं परत आलेला मी दिसलो. त्या दिवसापासून मी मैनाच्या मागच्या पायाकडं गेलो नाही.

"दोरा सैल केलास न्हवं रं?" काकी विचारायच्या.

"व्हय की, काकी."

इकडची बोली मी शिकलो ती हेच दोन शब्द धरून. व्हय की. किती सहज जमायचे! काकी वाकून बघू शकत नव्हत्या, गुडघे धरलेले. आप्पा बघायचे ते चाल आणि छाती. थंडीत अंगावरची लव वाढली, दोरा तिच्यात बुडाला, आणि मीही मनातून तो बुडवून टाकला. दिसत नाही ते नसतं — असं आपण सगळेच धरून चालतो ना कधीतरी?

मग ती पाय टेकेना. नुसतं खुराचं टोक टेकवून उभी राहायची. सकाळी झाडायला गेलो तर वास आला. मी पाय उचलला, आणि तिनं लाथ मारली नाही. एवढे दिवस ज्या लाथेला भ्यालो ती आलीच नाही. तिच्यात ताकदच नव्हती. लव बाजूला केली, तर दोरा कुठं दिसेना. मांस त्याच्यावरून मिटत आलं होतं. नुसती कवडी वर होती, पिवळी पडलेली, आणि तिच्या कडेनं अळ्या.

दाढीच्या ब्लेडनं दोरा कापला. अपशकुनाचं कुठलं भान? बोटानं धरून ओढला तेव्हा तो सुटत गेला, सुटत गेला, संपेना. मैना थरथरत उभी राहिली आणि तिनं तोंड माझ्या पाठीवर टेकवलं. माझ्याच पाठीवर. तबेल्याच्या पलीकडं तोडलेल्या उसाचं पाचट पेटवलेलं होतं. मी दोरा आणि कवडी त्यात टाकली. केस जळाल्याचा, मांस जळाल्याचा वास आला. आता दर हंगामात बावड्यात पाचट पेटतं. लोक धुरानं डोळे चोळतात. मी नाक दाबून आत जातो.

मग आप्पांना हाक मारली आणि म्हणालो, "तारेत अडकली वाटतं. परवा-तेरवाच अडकली असंल. लवेत दिसली न्हाय."

तार मल्लूअण्णांची होती. अण्णा म्हणजे शेजारच्या उसाचे मालक. माणूस मूळचा कुरुंदवाडकडचा, घरात कानडी, कपाळाला विभूतीचे पट्टे. रानडुकरांनी ऊस लोळवला म्हणून त्यांनी नुकतीच बांधावर काटेरी तार ओढली होती. मैनाचा त्यांना भारी लळा. "बा मगळे, बा," म्हणायचे — ये लेकी, ये — आणि उसाच्या शेंड्याचं हिरवं वाडं तिच्या पुढ्यात धरायचे. मी त्यांचं नाव घेतलं नव्हतं. नुसतं तार म्हणालो. पण त्या बाजूला दुसरी तार कुणाची होती?

ऐकल्याबरोबर अण्णा बांधावर गेले. परत आले तेव्हा तळहातावर तांबूस केसांचा झुपका होता. तारेच्या काट्याला सापडला, म्हणाले. "माज्याच तारंला हाय की ओ आप्पा." आणि तो एवढा मोठा माणूस आमच्या दारात रडला. आप्पा म्हणाले, "मुद्दाम केलंस व्हय? गप की आता." अण्णा गप झाले नाहीत. पकड आणून त्यांनी त्याच दिवशी सगळी तार उतरवली.

जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी जखम धुतली, अळ्या काढल्या, आणि हात थांबवून माझ्याकडं बघितलं. "तारेनं एका बाजूला फाटतं. ही बांगडीसारखी गोल कशी?"

"पायाला गुंडाळली असंल, मॅडम."

त्यांनी बोटानं जखमेची कड सगळीकडून तपासली. मग कोमट पाणी मागितलं. त्या क्षणी पुन्हा विचारलं असतं तर मी बोललो असतो का? कैकदा स्वतःला विचारलंय. उत्तर येतं ते मला आवडत नाही.

काकींनी मात्र दुसरंच विचारलं. "दोरा कुटं हाय?" तारेत तुटला, म्हणालो. त्यांनी हात जोडले. "बघा, दोऱ्यानं सोतावर घेतलं. न्हायतर पाय गेला असता लेकराचा."

नंतर सुरू झालं ते लोकांना ठाऊक आहे, ते सगळे सांगतात. रोज मिठाच्या उकळलेल्या पाण्यानं धुवायचं, मेलेलं मांस पुसून काढायचं, सुया टोचून घ्यायच्या, पट्टी बदलायची. पट्टी सैल झाली तर मांस फुगून वर येतं, आवळली तर पाय सुजतो. मधला अंदाज बोटांना यावा लागतो. मला आला. बाईंनी पिठीसाखर आणि आयोडीन कालवून लेप भरायला सांगितला, की साखर जखमेतलं पाणी ओढते. साखर अण्णांनी आणली. कारखान्याची सभासदांना मिळते ती, जत्रेसाठी राखलेली. सून म्हणाली, लाडू कशाचे करायचे? अण्णा म्हणाले, "औंदा लाडू न्हाईत." घरी खलबत्त्यात कुटून, फडक्यातून गाळून ते पुडी आणायचे आणि मैनाचं तोंड मांडीवर घेऊन बसायचे. मी पायाशी, ते डोक्याशी. ते कानडीत तिच्याशी बोलत राहायचे, मधेच माझ्याकडं बघून म्हणायचे, "पोरा, तू हाईस म्हणून ही वाचली. मी मारली हुती."

हे ऐकत मी लेप भरत होतो. चिमूटभरही सांडला नाही. हे पण कबूल करायला हवं.

जखम भरली. खाली लाल, मग गुलाबी, मग कातडी, मग पांढरा केस. मैना आधी चालली, मग पळाली. आप्पा लोकांना सांगू लागले, "आमच्या गड्याच्या हाताला गुण हाय." दुसऱ्यांची जखमी घोडी माझ्याकडं येऊ लागली. काकींनी मला स्वतःच्या लेकासारखा अंगठी घालून लग्नाला उभा केला. या घरात मला जे मिळालं ते त्या जखमेपासून मिळालं.

अण्णांनी परत तार ओढली नाही. डुकरं यायची, ऊस आडवा पाडायची. मुलं भांडायची, "बाबा, एका घोडीपायी सगळा फड घालवायचा काय?" अण्णा काठी घेऊन बांधावर बसून राहायचे. थंडीत, दवात. छाती भरायची, खोकायचे, परत बसायचे. त्यांना तिथं बसलेलं मी तबेल्यातून बघायचो. माझ्यात आणि त्यांच्यात एक ठेंगणी भिंत होती.

शेवटी ते खाटेला लागले, तेव्हा त्यांनी मैनाला घेऊन ये असा निरोप धाडला. मी तिला त्यांच्या अंगणात उभी केली. खाट दाराशी ओढलेली होती. अण्णांनी हात खाली सोडला आणि त्या पांढऱ्या कड्यावरून बोट फिरवलं, सगळीकडून. "माजं पाप हाय हे," म्हणाले. अंगणात आम्ही तिघंच होतो, ते, मी आणि घोडी. सून आत चहा टाकत होती. सांगायला एक वाक्य लागलं असतं.

मी म्हणालो, "बरी हाय की ती, अण्णा."

अण्णा गेले. त्यांच्या लिंगायतांत बसवून मातीत देतात. मीही मूठभर माती टाकली. त्यांचा थोरला माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "बाबांचा तुझ्यावर लई जीव हुता." मी त्याच्याकडं बघू शकलो नाही. त्याला वाटलं, मी रडतोय.

आता मैनाला शिंगरू झालंय. काकींनी त्याच्याही पायात काळा दोरा बांधलाय. मी रोज उकिडवा बसून त्यात बोट घालून बघतो. ते लाथा मारतं. मारू दे.

आणि अजून एक राहिलंय. एवढं सगळं त्याच्याभोवती फिरूनच लिहिलं, तुमच्या ध्यानात आलं असेल. अण्णांच्या हातात आला तो केसांचा झुपका. मैना त्या तारेजवळ कधी गेलीच नव्हती. पाचटात दोरा टाकला आणि आप्पांना हाक मारली, त्याच्या मधे मी बांधावर गेलो होतो. तिच्या पायाचे केस त्याच ब्लेडनं कापले होते, ते मीच त्या काट्याला लावले. आणि वाऱ्यानं उडून जाऊ नयेत म्हणून त्यांना नीट पीळ दिला.