अजून थोडं निघेल

माझे भावोजी, म्हणजे ताईचे यजमान, कॉम्प्युटर दुरुस्त करतात. तरुणपणी त्यांनी एका प्रोसेसरवरचे सुटे ठिपके साध्या पेन्सिलीने जोडले, शिशातून वीज गेली आणि मशीन ठरल्यापेक्षा कितीतरी वेगाने पळायला लागलं. तेव्हापासून बाजारात त्यांचं नाव 'पेन्सिल'. आणि तेव्हापासूनच ती खोड लागली. मशीन चांगलं चालत असलं की यांचे हात शिवशिवणार. गिऱ्हाईक म्हणे, "राहू द्या, पुरे झालं." हे म्हणत, "थांबा हो, अजून थोडं निघेल यातून." मला या वाक्याची चीड यायची. ताईला मात्र हसू. टूथपेस्टची ट्यूब ते शेवटपर्यंत पिळत बसले की ती बाहेरून विचारायची, "काय, निघतंय का अजून थोडं?"

मग ताईच्या घशात कॅन्सर निघाला आणि डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढायचं ठरवलं. ऑपरेशनआधी एका छोट्या कंपनीने तिच्याकडून ढीगभर वाक्यं वाचून घेतली आणि तिचा आवाज एका प्रोग्राममध्ये बसवला. ताई टाइप करणार, मशीन तिच्याच आवाजात बोलणार. प्रोग्राम त्या मशीनमधल्या प्रोसेसरशी बांधलेला, दुसऱ्यावर चालतच नाही. पुढे कंपनी बुडाली, तिच्याबरोबर मूळ रेकॉर्डिंगही गेलं. ताईचा आवाज आता जगात तेवढाच उरला होता, जेवणाच्या टेबलावरच्या त्या डब्यात.

पण मशीन संथ. तिचं बोलणं बाहेर येईपर्यंत आम्ही दुसऱ्याच विषयावर गेलेलो असू. ताई म्हणजे फिरकी घेण्यात एक नंबर. तिचे विनोद उशिरा येऊ लागले, आम्ही ओशाळून हसू लागलो. हळूहळू तिने टाइप करणंच कमी केलं. भावोजींना ते बघवेना.

त्यांनी प्रोसेसरवरचं धातूचं टोपण पात्याने कापून काढलं, आतली, उष्णता बाहेर नेणारी पण आता वाळलेली पेस्ट खरवडली आणि तिच्या जागी पाऱ्यासारखा पातळ धातू पसरला. उष्णता भराभर निघून जाऊ लागली, तसा त्यांनी वेग वाढवला. तो धातू बाजूच्या उघड्या टोकांवर गेला तर सगळं जळतं, म्हणून आधी त्यांवर ताईचं नेलपॉलिश लावून पूर्ण वाळू दिलं होतं. मला धडकी भरली होती. पण नंतर एकदा माझ्या शर्टावर चहा सांडला आणि मशीन लगेच म्हणालं, "याला लाळेरं बांधा रे कोणीतरी." ताईचा आवाज, अगदी ताईसारखाच वेळेवर. आम्ही पोट धरून हसलो. भावोजी हसता हसता रडले.

तिथे थांबावं ना माणसाने! पण नाही. अजून थोडं निघेल.

पुढच्या रविवारी दुपारी ते पुन्हा मशीन उघडायला बसले. घरात दोघंच होती. ताईने घाईघाईने काहीतरी टाइप केलं. मशीन नीट बंद करायचा धीर भावोजींना कधीच नव्हता, त्यांनी सरळ बटण दाबलं. मशीन "आता" एवढंच बोललं आणि गप्प झालं.

"हो, आता लगेच करतो," भावोजी म्हणाले.

ताईने त्यांचा हात धरला. आवाजाविना ही कासावीस झाली, असं त्यांना वाटलं, आणि त्यांनी आणखी घाई केली. टोकांवर नेलपॉलिशचा नवा हात दिला, पण तो वाळायची वाट पाहिली नाही. वीज लावली. जळका वास आला आणि संपलं.

संध्याकाळी मी गेलो तेव्हा भावोजी ते काळवंडलेलं टोपण मुठीत धरून बसले होते. स्वयंपाकघरात ताईने मला फोनवर टाइप करून दाखवलं, ती काय म्हणत होती ते. 'आता पुरे करा. मला एवढं चालतं.'

हल्ली ताई फोनमधूनच बोलते. कुणा परक्या बाईचा आवाज आहे, झटपट येतो, पण त्यात आमची ताई नाही. भावोजींनी दुकान बंद करून टाकलं. दिवसभर ते तिच्यासमोर बसतात आणि एकच विचारतात, "आता... पुढे काय म्हणणार होतीस गं तू?"

परवा माझ्यासमोर पुन्हा विचारलं. ताईने माझ्याकडे पाहिलं, मग टाइप केलं. ती परकी बाई म्हणाली, "आता लगेच करा, असंच म्हणत होते मी."

भावोजींनी मान हलवली. तिच्या स्वतःच्या आवाजात असतं, तर हे खोटं त्यांनी तेव्हाच ओळखलं असतं.