बॅगेची जागा

थीम पार्कला जायच्या आदल्या संध्याकाळी मी पलंगावर दुकान मांडलं होतं. कॅमेरा, तीन लेन्स, ट्रायपॉड, ड्रोन, पॉवर बँक, वायरींचा गुंता. काय न्यायचं ते ठरत नव्हतं, कारण मला सगळंच न्यायचं होतं आणि कुणी सल्ला दिलेला चालत नव्हता.

तेवढ्यात घरमालकीण मावशी अळूची भाजी घेऊन वर आल्या. हिंजवडीत त्यांच्याच इमारतीत आम्ही भाड्याने राहतो. पसारा बघून त्यांचा चेहरा उतरला.

"कुणाचं लगीन हाय? आमाला बोलावणं न्हाई व्हय?"

एवढं सामान त्यांनी लग्नातल्या फोटोग्राफरकडेच पाहिलेलं. लग्न नाही, मोठे पाळणे आणि पाण्याच्या घसरगुंड्या आहेत, असं बायकोने समजावलं आणि लगेच म्हणाली, "चला की तुम्हीपण."

दोन्ही पोरं बसल्यावर गाडीत एकच जागा उरत होती, माझ्या बॅगेची. निवड तिथेच संपली.

मावशी काठपदराची साडी नेसून आल्या. पार्कात मोबाइलसुद्धा लॉकरमध्ये ठेवावा लागला. फोटो एकच मिळाला, रोलर कोस्टरच्या उतारावर तिथल्याच कॅमेऱ्याने टिपलेला. त्यात मी डोळे गच्च मिटून दांडा धरलाय आणि शेजारी मावशींचे दोन्ही हात वर आहेत.

तो त्यांनी बैठकीत लावलाय, घरातल्या लग्नांच्या फोटोंच्या रांगेत.