बिनआवाजाच्या मोटारींची शर्यत

पेट्रोल पंपावर कुणाची कुणाशी ओळख होत नाही. टाकी भरली की माणूस निघाला. इलेक्ट्रिक गाडीचं तसं नसतं. गाडी चार्जिंगला लावली की मालकही तिथेच अडकतो. मोबाईल बघून बघून किती बघणार? मग शेजारच्या गाडीवाल्याशी बोलणं सुरू होतं आणि किस्से साचत जातात. आमच्या जळगावच्या ग्रुपकडे असे इतके किस्से साचलेत की आता बॅटरीपेक्षा तेच जास्त टिकतात.

माझं पिंप्राळ्यात, म्हणजे जळगावातच, चष्म्याचं दुकान आहे आणि समोरच चार्जिंग पॉइंट. त्यामुळे गाड्या समोर आणि माणसं माझ्या दुकानात, असा रोजचा मामला. वैशालीची ओळख अशीच झाली. सासर अमळनेरचं, माहेर धुळ्याचं, नोकरी जळगावच्या कॉलेजात. आणि ज्या शर्यतीची गोष्ट सांगतेय, ती तिच्या सासर-माहेरचीच.

*

शर्यत फार जुनी. मोटार आली म्हटलं की गाव लोटायचं, त्या काळातली. धुळ्याचे एक वकील आणि अमळनेरचे एक कापसाच्या जिनिंगचे शेठ, दोघांकडे नवीकोरी मोटार. पैज लागली: धुळ्याहून निघायचं, अमळनेर, धरणगाव करत जळगाव गाठायचं. पहिला येईल त्याला फेटा.

वकील म्हणजे वैशालीच्या वडिलांचे, नानांचे आजोबा. शेठ म्हणजे तिच्या सासऱ्यांचे, आबांचे आजोबा.

"मग जिंकलं कोण?" मी विचारलं.

"तेच तर! फेटा दोन्ही घरांत आहे."

मला वाटलं, ती चेष्टा करतेय. पण नाही. धुळ्याला कपाटात एक फेटा, अमळनेरला पेटीत एक फेटा. दोन्ही जरीचे, दोन्ही जिंकलेले! तोवर मी जगातल्या बऱ्याच भानगडी ऐकल्या होत्या. दोन पहिले नंबर असलेली शर्यत पहिल्यांदाच ऐकली.

*

यावर हसावं की रडावं, असं पुढचं आहे. लग्न लागेपर्यंत एका घराला दुसऱ्या घरातला फेटा माहीतच नव्हता. वैशालीच्या लग्नात आबा तोच फेटा बांधून मांडवात आले. नाना मुलीचे वडील, हार घेऊन पुढे झाले आणि फेटा बघून जागीच थांबले.

"व्याही, हा फेटा कुठला?"

"शर्यतीचा!" आबा मिशीवर हात फिरवत म्हणाले.

झालं! अक्षता पडल्या, जेवणं झाली, पण व्याही एकमेकांशी शब्दानेही बोलले नाहीत. नाना हेडमास्तर म्हणून रिटायर झालेले. चुकीचं उत्तर बरोबर मानायची सवयच नाही. त्यांनी जाहीर करून टाकलं, "ज्या घरात तो फेटा आहे, त्या घरात मी पाऊल ठेवणार नाही."

आणि खरंच ठेवलं नाही. वैशालीची मुलगी शाळेत जायला लागली तरी आजोबांनी तिचं घर बघितलेलं नाही. नाना धुळ्याहून एसटीने जळगावला येतात, वैशाली कॉलेजातून येते आणि बापलेकीची भेट होते माझ्या चष्म्याच्या दुकानात! नातीसाठी आणलेला खाऊ माझ्या काउंटरवर तिच्या पर्समध्ये जातो. असल्या भेटींच्या वेळी मी उगाच आत जाऊन काचा पुसत बसते. मला बघवत नाही, खरं सांगते.

*

"शर्यत परत लावू या," एक दिवस वैशाली म्हणाली. "इलेक्ट्रिक गाड्यांनी. एकदाचा निकाल लागू दे."

दोघेही म्हातारे तयार झाले, याचंच मला नवल. अटी ठरवायला ते माझ्या दुकानात आले. एका बाकावर, मध्ये एका माणसाची जागा सोडून बसले. बोलणं मात्र सगळं माझ्यामार्फत.

"त्यांना सांगा, माझ्या बाजूने गाडी वैशाली चालवेल," नाना म्हणाले.

"त्यांना सांगा, माझ्या बाजूने हेमंत चालवेल," आबा म्हणाले. हेमंत म्हणजे वैशालीचा नवरा.

"त्यांना विचारा, चहात साखर किती?" मी म्हणाले. दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गपचूप चहा सांगायला गेले.

अट एकच ठरली. जो हरेल, त्याने आपला फेटा स्वतः समोरच्याच्या घरी नेऊन द्यायचा.

नाना निघून गेल्यावर वैशाली माझ्या कानाशी आली. "ताई, मला नाना हरायला हवेत." मी हातातली चष्म्याची फ्रेम खाली ठेवली. "म्हणजे फेटा द्यायला तरी ते माझ्या घरी येतील ना! पण मी मुद्दाम हरले असं त्यांना कळलं, तर माझ्याशीही बोलायचे नाहीत."

*

नियम करायचं काम सुनील सरांकडे. ते आमच्या ग्रुपमधले इतिहासाचे शिक्षक. सगळं जुन्या शर्यतीसारखंच हवं, हा त्यांचा हट्ट. एसी बंद. काचा खाली. रस्ता जुना, हायवे नाही. वेग मात्र दोघांचा ठरलेला. "रस्त्यावर लोक आहेत, ही शर्यत थांब्यांवर होईल. जो थांबा लवकर आटपेल, तो पुढे," सर म्हणाले. जुन्या मोटारी जिथे पाणी प्यायला थांबायच्या, तिथे यांनीही थांबायचं.

"सर, या गाड्यांच्या रेडिएटरला असं पाणी लागत नाही," हेमंत म्हणाला.

"गाडीला नसेल लागत. नियमाला लागतं!"

*

मी आणि सर रस्ता बघायला गेलो. मला एकच कुतूहल, तेव्हा खरोखर काय झालं असेल? वाटेत भेटेल त्याला विचारत सुटलो. धुळ्याकडचे सांगत, वकील जिंकले. अमळनेर ओलांडलं की शेठ जिंकले!

धरणगावच्या अलीकडे एका मळ्यात एक अक्का शेंगा निवडत बसल्या होत्या. त्यांना विचारलं तर हातातलं सूप खाली ठेवून अहिराणीत म्हणाल्या, "त्या दोन मोटारी ना? दोन्ही नाल्यात फसन्यात. मना आजसासराना बैलेस्नी वढीसन काढ्यात. बठ्ठा गावले माहीत शे."

"मग अक्का, पहिलं कोण आलं?"

"बैल!"

सरांनी गाडीत बसेपर्यंत हसू दाबून धरलं. मग म्हणाले, "हे इतिहासात घ्यायचं नाही. निदान शर्यत होईपर्यंत."

*

आबांनी इलेक्ट्रिक गाडीत पाय ठेवला तो थेट सरावाच्या दिवशी. तोवर त्यांचा विश्वास जुन्या जीपवर. हेमंतने बटण दाबलं.

"चालू कर ना रे," आबा म्हणाले.

"चालू आहे, आबा."

"आवाज कथा शे मंग?" म्हणत आबा आवाज कुठे ते शोधायला लागले.

गाडी पुढे सरकली तेव्हा आबांनी दाराला घट्ट धरलं. गल्ली संपेपर्यंत सोडलं नाही. मग एकदम चिडले. "आवाज नही तं लोकेस्ले समजई कसं, का आपली शर्यत शे?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी रबरी भोंगा आणला. पोंऽऽक करणारा! शर्यतीत अख्खा रस्ताभर तो खिडकीबाहेर धरून वाजवला. नानांनी माझ्यामार्फत तक्रार केली. आबांनी माझ्यामार्फत उत्तर दिलं, "त्यांना सांगा, सर म्हणाले तसं सगळं जुन्यासारखंच आहे."

*

शर्यतीच्या दिवशी धुळ्याहून दोन्ही गाड्या बरोबर निघाल्या. मी नानांच्या गाडीत मागे, सुनील सर आबांच्या. प्रत्येक गाडीत एक पंच, हाही नियमच. नाना पुढे, मांडीवर पिशवी, पिशवीत फेटा.

पहिल्याच थांब्यावर सरांचा सगळा हिशेब चुकला. गावात बातमी आधीच पोचलेली. बाया पाण्याच्या कळशा घेऊन उभ्या!

"पानी कथा टाकू?" एकीने विचारलं.

"लागत नाही मावशी," वैशाली म्हणाली.

"आसं कसं लागत नही? एवढं उन्हातान्हातून उन्यात!" आणि तिने कळशी सरळ बॉनेटवर रिकामी केली. पाठोपाठ दुसरीने हेमंतच्या.

पाण्यावर भागलं असतं तर बरं होतं. पुढच्या गावात शेवभाजी शिजवलेली. शर्यत आहे, घाई आहे, असं सांगून बघितलं.

"मंग जेवण करीसनच पळा ना!"

आपल्याकडे पुढ्यात वाढलेलं ताट सोडून कोण उठणार? दोन्ही गाड्यांतली माणसं एका पंगतीत बसली. मध्ये एक जागा सोडून. भाजीचा तिखट रस्सा नानांना लागला, डोळ्यांत पाणी आलं. आबांनी समोरचा ताकाचा पेला उचलला, त्या मोकळ्या जागेवर ठेवला आणि दुसरीकडे बघत बसले. नाना क्षणभर पेल्याकडे पाहत राहिले. मग प्यायले. बोलले मात्र नाहीत.

वैशालीने मला कोपराने ढोसलं. आम्ही दोघीही मान खाली घालून जेवलो.

*

धरणगाव सुटलं तेव्हा आमची गाडी पुढे होती. याच वाटेवर वैशालीला हरायचं होतं. तिने वेग कमी केला. मागून हेमंतनेही कमी केला. तिने आणखी कमी केला. त्याने आणखी!

तिने खिडकीतून हात काढून "पुढे जा" अशी खूण केली. हेमंत काही पुढे जाईना. मला कळेना, याला झालंय काय? इतक्यात फोन वाजला. हेमंत सुनील सरांच्या फोनवरून हळू आवाजात बोलत होता, "ताई, तिला सांगा ना, पुढच्या गाडीत सासरे बसलेत. जावयानं सासऱ्याला ओव्हरटेक कसं करायचं?"

मागून आबांचा आवाज, "दाब ना रे भो! बैलगाडी चालवी ऱ्हायना का?" आणि पोंऽऽक!

आता रस्त्यावर असं दृश्य: दोन नव्याकोऱ्या गाड्या, एकीच्या मागे एक, रांगत चाललेल्या. दुधाचे कॅन लावलेली एक सायकल आम्हाला मागे टाकून गेली. सायकलवाल्याने वळून पाहिलं आणि विचारलं, "बिघडनी का?"

शेवटी वैशालीने गाडी लिंबाच्या झाडाखाली घेतली आणि थांबवली. हेमंतही मागे थांबला. वैशालीचे हात स्टिअरिंगवर होते. मला मागून तिचे कान लाल झालेले दिसत होते.

"काय झालं?" नानांनी विचारलं.

"नाना," ती म्हणाली, "चार्जिंग संपलं."

समोर पाटीएवढा स्क्रीन. त्यावर निम्म्याहून जास्त भरलेली हिरवी बॅटरी, माझ्या जागेवरूनही दिसणारी. चुकीचं उत्तर बरोबर न मानणारा माणूस तो!

नानांनी चष्मा नीट केला. स्क्रीनकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग लेकीकडे पाहिलं. ती समोरच्या रस्त्याकडेच बघत होती.

"हो," नाना म्हणाले. "संपलेलंच दिसतंय."

त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि जावयाला पुढे जायची खूण केली. एकदा, दोनदा. हेमंतची गाडी चाचरत आमच्या बाजूने पुढे गेली. भोंगा वाजला नाही. आबा खिडकीतून मागे वळून बघत राहिले, गाडी वळणाआड जाईपर्यंत.

नानांनी मांडीवरची पिशवी सरळ केली, पट्टा नीट बसलाय का बघितलं आणि म्हणाले,

"चल, वळव गाडी. अमळनेरपर्यंत पुरेल ना गं तेवढं?"