लाटेवरची श्यामला

वाघोलीतल्या एका सोसायटीच्या तलावावर श्यामला मेथर बायकांना पोहायला शिकवते. नवऱ्याच्या नोकरीपायी ती वेंगुर्ल्याकडून पुण्यात आली, त्याला वीस वर्षं झाली. आजवर तिच्याकडून न शिकता कुणी परत गेलं नव्हतं. गेल्या मार्चमध्ये मथुराबाई आल्या आणि तिला पहिल्यांदाच स्वतःच्या शिकवण्याची शंका आली.

मथुराबाई अडुसष्ट वर्षांच्या. सोसायटी उभी आहे ती जमीन एके काळी त्यांच्या घरचीच. लहानपणी भाऊ विहिरीत उड्या मारायचे आणि मथुराबाई काठावर त्यांचे कपडे सांभाळत बसायच्या.

"पाण्यात आत कसं वाटतं, हे कुनी सांगितलंच नाय," त्या पहिल्या दिवशी म्हणाल्या. "म्हटलं, आता आपणच बघावं. तलाव तर दारातच हाय."

त्यांची सून ऋतिका गुडघ्यांच्या काळजीत होती. सोसायटीच्या सेक्रेटरींनी मात्र लगेच परवानगी दिली. "नियमांत वयाची वरची मर्यादा नाही, आजी. असं कुणी येईल हे आमच्या लक्षात आलं नव्हतं."

सहा आठवडे झाले तरी मथुराबाई तरंगेनात. कठडा सुटला की मान वर, पाय खाली, आणि नाकातोंडात पाणी. श्यामला रोज तेच सांगायची, मान सैल सोडा, घाबरू नका. त्या रोज मान हलवायच्या आणि रोज बुडायच्या. एका दुपारी श्यामलाने ठरवलं, ऋतिकाला सांगून हे थांबवायचं. ती बाकावर बसून राहिली, आणि तिला आपला काका आठवला.

श्यामला तेव्हा दहा वर्षांची होती. गावातली मोठी मुलं फळीवर पालथी पडून लाटेसोबत थेट किनाऱ्यापर्यंत येत. तिलाही तसं यायचं होतं. काकाच्या मोडलेल्या होडीची एक फळी तिने मिळवली आणि दिवाळीच्या सुट्टीत समुद्रात शिरली. लाट कधी तिच्या खालून निघून जाई, कधी फळीसकट तिला उलटी करी. कोपरं वाळूवर सोलवटून निघत.

काका किनाऱ्यावर जाळं विणत असे. त्याने एकदाही 'जमलं का' असं विचारलं नाही. ती बाहेर आली की तो म्हणे, "आज काय गावला तुका?"

"कायच नाय," ती पहिल्या दिवशी रडवेली होऊन म्हणाली.

"बरा," म्हणून तो पुन्हा जाळ्याकडे वळला.

दुसऱ्या दिवशी रिकाम्या हाताने परत जायची तिला लाज वाटली. म्हणून ती पडता पडता बघायला लागली. लाट रोज साधारण एकाच जागी उभी राहते, हे तिने काकाला आणून दिलं. मग फळीचं टोक फार पुढे गेलं की ते पाण्यात खुपसतं, हे. मग खडकाजवळचं पाणी उलटं ओढतं, हे. काकाने सगळ्या दिवसांत एकच गोष्ट आपणहून सांगितली: "लाट इल्यार निघालंस तर मागेच ऱ्हवतलंस. ती येवच्या आधीच हात मारूक लाग."

शिमग्याच्या सुमाराला एका सकाळी फळी एकदम हलकी झाली. छातीखालून पाणी खळाळत गेलं आणि ती ओल्या वाळूवर येऊन थांबली. काका उठून आला. त्याने तेच विचारलं.

"लाट आपल्याक ढकलना नाय," ती धापा टाकत म्हणाली. "आपण तिच्या अंगावरसून घसरतव."

काकाने हातातली जाळ्याची सुई खाली ठेवली आणि पुन्हा एकदा सांगायला लावलं.

बाकावरून उठलेली श्यामला ऋतिकाकडे गेलीच नाही. दुसऱ्या दिवशी तिने मथुराबाईंना एकही सूचना दिली नाही. त्या पाण्यातून वर आल्यावर फक्त विचारलं, "आज काय कळलं?"

मथुराबाईंनी कानातलं पाणी झटकलं. "कान बुडलं की आपलाच श्वास मोठ्यानं ऐकू येतो."

पुढच्या दिवशी त्या म्हणाल्या, छातीत हवा धरली की अंग वर येतं. एकदा नुसतंच, "आज काय नाय," आणि श्यामला म्हणाली, "बरं, उद्या." मधे गुडघा दुखला, चार दिवस खाडा झाला. पाचव्या दिवशी त्या आपणहून आल्या. आठवड्याने त्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या, चेहऱ्यावर कोडं सुटल्यासारखा भाव.

"अहो, पाणी माझं पाय बुडवत नाय. मी मान वर करते, म्हणून ते बुडतात."

हेच श्यामला सहा आठवडे सांगत होती. आता ती "मग?" एवढंच म्हणाली.

मथुराबाईंनी कठडा सोडला. डोकं पाण्यावर टेकवलं, डोळे मिटले, आणि श्यामलाने वीस आकडे मोजेपर्यंत त्या तशाच तरंगत होत्या.

जूनमध्ये त्यांनी तलावाची रुंदी पार केली, हात वेडेवाकडे टाकत, मधे दोनदा उताण्या होऊन दम खात. पलीकडे ऋतिका टॉवेल घेऊन उभी होती. सासूबाई बाहेर आल्या त्या तिच्याकडे न जाता श्यामलाशेजारी बसल्या.

"हे 'आज काय कळलं' इचारायची रीत तुमाला कुनी शिकवली?"

पुण्यात हे तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. श्यामला सांगू लागली, लाट कुठे उभी राहायची, फळी कशी धरायची. मथुराबाई मधे मधे थांबवून विचारत होत्या, मीठ डोळ्यांत जातं का, लाटेचा आवाज आतून कसा येतो, परतीचं पाणी पायांना कुठे धरतं. मुलांची बॅच येऊन तलावात उतरली तरी दोघी बाकावरच होत्या, आणि ऋतिकाही टॉवेल मांडीवर घेऊन ऐकत बसली होती.