सासूबाईंचं प्रोत्साहन

स्त्रीला नेतृत्वाची प्रेरणा थोरांच्या चरित्रांतून मिळते, असं मी सत्काराच्या भाषणांत नेहमी सांगते. चरित्रं मी वाचली, पण नंतर.

नव्वदच्या दशकात गुडगावच्या एका नव्या कंपनीने मला शाखाप्रमुख व्हायला बोलावलं. तेव्हा मेट्रो नव्हती. दिल्लीच्या दुसऱ्या टोकाला, मयूर विहारला घरी परतायला रोज उशीर होणार, म्हणून मी नकार द्यायचं ठरवलं. सासूबाईंना म्हटलं, "संध्याकाळच्या पोळ्या कोण करणार?"

"अगं, त्यासाठीच तर जा," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं तुझ्या पोळ्या मुकाट्याने चावतोय आम्ही. आता बिलकूल नकार देऊ नकोस."

मी होकार कळवला. पहिल्या दिवशी शाखेचा कारभार हाती घेऊन घरी पोचले, तेव्हा सासूबाईंनी केलेल्या पोळ्या संपल्या होत्या.